अठरा सी, शेवटची रांग

मी अठरा सी बोलतेय. कार्यशाळेच्या मागच्या खोलीत, रंगाच्या डब्यांशेजारी एक निळी खुर्ची ठेवली आहे ना, जिच्या एका बाजूला हात आहे आणि दुसऱ्या बाजूला नुसतीच चार स्क्रूची भोकं, ती मी. खरं तर आता मला अठरा सी म्हणणंही बरोबर नाही. तो नंबर माझ्या अंगावर कधीच नव्हता. तो डोक्यावरच्या पट्टीवर लिहिलेला होता आणि पट्टी विमानातच राहिली. पण तेरा वर्षं लोकांनी मला ज्या नावाने शोधलं, ते एकदम कसं टाकून देऊ?

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या दिव्यांच्या कारखान्यात झाला. एका बाईने माझं कापड शिवलं. शिवताना ती सारखी मान डावीकडे वळवून घड्याळाकडे बघायची, म्हणून माझी डावी शिवण आजही किंचित वाकडी आहे. मग एक तपासनीस आला. तो माझ्यावर बसला, दोनदा उसळला, "ठीक" म्हणाला आणि शिक्का मारून पुढच्या खुर्चीकडे गेला. माझ्यावर बसलेला तो पहिला माणूस. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

मी एकटी जन्मले नाही. आमच्याकडे दोन खुर्च्या एकाच लोखंडी सांगाड्यावर बसवतात. माझी जोडीदारीण अठरा ए, भिंतीकडची. मी सी, वाटेकडची. आमच्या विमानात बी नाहीच. का नाही, ते मला कोणी सांगितलं नाही. आम्हा दोघींच्या मध्ये एकच हात होता. तो धड तिचाही नव्हता आणि धड माझाही नव्हता. तेरा वर्षं आम्ही एकमेकींना चिकटून राहिलो, पण आमचं बोलणं असं कधी झालंच नाही. दोघीही समोर तोंड करून बसलेल्या. वळून बघायची सोयच नव्हती.

पुढच्या रांगेत बसवतील असं मला वाटलं होतं. बसवलं शेवटच्या रांगेत. पाठीशी भिंत, भिंतीपलीकडे शौचालय. तिथलं दार आपटलं की माझ्या पाठीत धक्का बसायचा. खिडकी पुढच्या रांगेपर्यंतच. आमच्या वाट्याला नुसता पांढरा पत्रा.

माझ्या हातावर एक बटण होतं. इतर खुर्च्यांचं बटण दाबलं की पाठ मागे कलते. माझ्यामागे भिंत, त्यामुळे माझं बटण कशालाच जोडलेलं नव्हतं. पण लोकांना ते कुठे माहीत? आधी हळूच दाबायचे. मग जोरात. मग अंगठ्याने दाबून पाठीने मला रेटायचे. आणि शेवटी माझ्याकडे असं बघायचे, जणू मी मुद्दामच हट्ट करतेय. उंच माणसांचे गुडघे पुढच्या खुर्चीला टेकायचे. ते पाय वाटेत काढून बसायचे आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना अडखळायचा. माझ्याकडून जेवढं मऊ राहता आलं, तेवढी मी राहिले.

आमचा प्रवास पन्नास मिनिटांचा. इतक्यात कोणी बूटसुद्धा काढत नाही. वर चढलो, एकदा पाणी मिळालं, की लगेच खाली. मी लोकांच्या गोष्टींचा फक्त मधला भाग ऐकला. सुरुवात घरी झालेली असायची आणि शेवट ते खाली उतरल्यावर व्हायचा.

आता माझ्याकडे यायचं कोण, तेही सांगते. आमचं विमान एका छोट्या कंपनीचं होतं. पण त्यातल्या काही जागा एक मोठी कंपनीही स्वतःच्या नावाने, स्वतःचा वेगळा नंबर देऊन विकायची. याला कोडशेअर म्हणतात, हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन. म्हणजे विमान एकच, पण त्याला नंबर दोन. मोठ्या कंपनीचं तिकीट काढलेल्या माणसाने घरी बसून मोबाइलवर चौथ्या रांगेतली खिडकी निवडलेली असायची. ती निवड दोन कंपन्यांच्या संगणकांच्या मध्ये कुठेतरी गळून पडायची. त्याचं नाव आमच्या यादीत सगळ्यांत शेवटी यायचं. तोपर्यंत उरलेलं असायचं कोण? अठरावी रांग.

म्हणून माझ्याकडे येणारा माणूस आधीच रागावलेला असायचा. "मी खिडकी घेतली होती," असं म्हणतच तो बसायचा. तेरा वर्षांत मला निवडून कोणीच आलं नाही.

एकच माणूस माझं होतं. आमची हवाई सेविका. पन्नाशीकडे झुकलेली, गुडघे दुखणारी. प्रवासी तिला मॅडम म्हणायचे. ती मला काही म्हणायची नाही, पण दार बंद करण्याआधी ती पुढून मागे माणसं मोजत यायची आणि मोजणी माझ्यापाशी संपायची. "बहात्तर," म्हणून ती माझ्या डोक्यावर थाप मारायची. मी रिकामी असले तर "एकाहत्तर" म्हणायची आणि तिचा डबा माझ्यावर ठेवायची. "चल, आज आपण दोघीच," असंही म्हणायची. ती डब्याशी बोलत असेल कदाचित. मी ते माझ्यासाठी धरून चालायचे.

असाच एक रिकामा दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. त्या सकाळी ती मोजत आली आणि थांबली. हातातला कागद पुन्हा वाचला.

"नावं बहात्तर आहेत. अठरा सी कुठे गेली?"

दाराशी उभा असलेला कर्मचारी म्हणाला, "काउंटरवर आल्याच नाहीत त्या बाई. विमानाच्या वजनाच्या हिशेबाचा कागद पाठवला आम्ही, आता माणूस वाढवता येत नाही."

"चार-पाच मिनिटं आहेत अजून."

"मॅडम, आल्या असत्या तर आत्तापर्यंत आल्या असत्या."

दार बंद झालं. मी रिकामी उडाले. त्या दिवशी तिने डबा उघडलाच नाही. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "नाव तर होतं."

रिकामी मी शेकडो वेळा उडाले असेन. पण कोणाचं तरी नाव लागलेलं असताना रिकामं जाणं फार वेगळं असतं. पट्टा नीट घडी घालून ठेवलेला असतो. तो बांधणारं कोणीतरी ठरलेलं असतं. ती बाई कोण होती, कुठे निघाली होती, का आली नाही, हे मला चार वर्षं कळलं नाही. मग कळलं.

त्या दिवशी विमान भरलेलं होतं. अठरा ए वर एक बाई सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. चाळिशीची, चष्मा लावलेली, मांडीवर पिशवी. हवाई सेविकेने विचारलं, "इतक्या लवकर?" तर ती म्हणाली, "मी आता तीन तास आधी येते. आणि तिकीट ज्यांचं विमान त्यांच्याकडूनच काढते. जागा कुठली का असेना." ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला असावी, कारण हवाई सेविकेचा चष्मा वाकडा बसलाय हे तिने पाहता क्षणी ओळखलं आणि दांडी सरळही करून दिली.

मोजणी झाली. एकाहत्तर. मी मनात म्हटलं, आज पुन्हा. पण दार उघडंच राहिलं. एक मिनिट. दोन मिनिटं. पुढचे लोक माना वळवायला लागले. मग जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि एक बाई आत आली. पंचावन्नच्या आसपासची, केस सुटलेले, दम लागलेला. बॅग प्रत्येक रांगेला आपटत ती मागे-मागे आली आणि माझ्यापाशी येऊन खांबासारखी उभी राहिली.

"तू?" ती म्हणाली.

भिंतीकडची बाई पांढरी पडली. "ताई? तू इथे कशी?"

"मी माझ्या विमानात आलेय. तू माझ्या विमानात काय करतेस?"

"हे माझं विमान आहे."

"तुझं कसं असेल? माझा नंबर बघ." ताईने कागद नाचवला. धाकटीने तिचा कागद काढला. नंबर खरंच वेगळे होते. कंपन्यांची नावंही वेगळी होती.

"बाई, बसून घ्या," हवाई सेविका म्हणाली. "विमान एकच आहे. तिकिटं दोघं विकतात. दोघींचंही बरोबर आहे."

"तू भेटू नयेस म्हणून मी मुद्दाम दुसरी कंपनी घेतली होती!" ताई म्हणाली.

"मीपण," धाकटी म्हणाली.

सतराव्या रांगेतल्या आजोबांना हसू आवरेना. ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते लगेच सुरक्षेची माहिती असलेला कागद वाचायला लागले. तोही उलटा.

"दुसरी जागा द्या मला," ताई म्हणाली.

"एकही नाही. आणि असती तरी वजनाचा हिशेब झालाय, आता कोणाला हलवता येणार नाही. पन्नास मिनिटांचा तर प्रश्न आहे."

ताई बसली. अशी बसली की माझी वाकडी शिवण कुरकुरली. तिला पट्ट्याचं एकच टोक सापडलं. दुसऱ्यावर ती स्वतःच बसली होती. ती शोधत राहिली, पण शेजारी विचारलं नाही. शेवटी धाकटीने न बघता हात घातला, टोक ओढून काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. मधल्या हातावर दोघींचीही कोपरं आली आणि दोघींनीही ती चटका बसल्यासारखी काढून घेतली. तो हात रिकामाच राहिला.

विमान वर गेलं.

मग ताई समोर बघत म्हणाली, "शेजारच्या काकूंचा फोन तुलाही आला वाटतं."

"हो. आई न्हाणीघरात पडली. मनगट मोडलंय."

"मला माहीत आहे. मी तिला घेऊन जायला चाललेय."

"मीपण तिला न्यायलाच चाललेय."

"तिला विचारलंस?"

"तू विचारलंस?"

दोघींनीही विचारलेलं नव्हतं. आधी पोहोचेल तिची आई, असं काहीतरी दोघींनी मनात धरलं असावं. आणि आता दोघीही एकाच सांगाड्यावर, एकाच वेगाने चालल्या होत्या.

हवाई सेविका पाणी घेऊन आली. ताई अजून धापा टाकत होती. "घ्या, सावकाश प्या," हवाई सेविका सहज म्हणाली. "काउंटरवरच्या मुलीचा फोन आला म्हणून बरं. म्हणाली, एक बाई दुसऱ्याच कंपनीच्या रांगेत उभ्या होत्या, आत्ता धावत येतायत. मग कॅप्टनना विचारून दोन मिनिटं दार धरलं. होतं असं. तिकिटावर ज्यांचं नाव त्यांच्याच रांगेत माणूस जाणार ना."

ती पुढे गेली. ताई पेल्यात बघत राहिली. मानेपासून कानापर्यंत लाल झाली होती. धाकटी आता हसेल, काहीतरी लागट बोलेल, असं मला वाटलं. तिने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"किती वेळ उभी होतीस?" तिने विचारलं.

"पन्नास मिनिटं."

"मी त्या वेळी सव्वा तास उभी होते."

ताईने पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"मी विचारलंसुद्धा होतं पुढच्या माणसाला," ती म्हणाली. "तो म्हणाला, हीच रांग."

"मलाही हीच म्हणाले होते."

"अगं, मी पोस्टात काउंटरवर बसते! छत्तीस वर्षं! दिवसाला दहा जणांना सांगते, ही खिडकी नाही, पलीकडची. दहा जणांवर ओरडते. डोळे नाहीत का, पाटी वाचता येत नाही का." तिने मान खाली घातली. "पाटी वाचून उभी होते मी. तिकिटावर जे नाव, तेच पाटीवर."

"हो."

"मी काय म्हणाले होते तुला तेव्हा?"

"जाऊ दे ना आता."

"नाही, सांग."

धाकटी पत्र्याकडे बघत म्हणाली, "बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. घरभर माणसं होती. तू म्हणालीस, विमानतळावर उभं राहून कोणाचं विमान चुकतं का? यायचंच नव्हतं तर तसं सांगायचं."

ताईने डोळे मिटले.

"ते मला विचारत होते, ही कुठपर्यंत आली," ती म्हणाली. "सकाळभर विचारत होते. मी म्हणत होते, विमानात बसली असेल. आणि मग तुझा फोन आला, की तू अजून तिथेच आहेस. मला त्यांना सांगावं लागलं, छोटे. तुला नाही, मला सांगावं लागलं."

"माहीत आहे."

"म्हणून मी…"

"माहीत आहे, ताई."

इंजिनाचा आवाज मागच्या रांगेत फार मोठा असतो. तरी मला दोघींचे श्वास ऐकू येत होते.

"माझ्यासाठी दार धरलं त्यांनी," ताई म्हणाली.

"हो."

"तुझ्यासाठी नाही धरलं."

धाकटीने मान हलवली. "मी त्या काउंटरला पोहोचले तेव्हा तिथला माणूस म्हणाला, तुमचं नाव आहे हो, जागाही आहे, अठरा सी. पण वजनाचा कागद गेला. विमान काचेतून दिसत होतं मला. त्याचं दार मिटताना दिसलं. मग संध्याकाळचं मिळालं. तोवर…"

ताईने मान वर करून माझ्या डोक्यावरची पट्टी वाचली. मग ती माझ्याकडे बघायला लागली. आधी एक हात, मग दुसरा, मग खालचं कापड, जसं एखाद्याच्या घरी जाऊन आपण न बोलता सगळं बघतो तसं. कोणीही मला इतका वेळ पाहिलं नव्हतं. आणि मी? मी त्या सकाळी रिकामी उडाले होते. नाव होतं, पट्टा घडी घातलेला होता. ते सगळं ओठांवर आलं म्हणायचं, तर मला ओठ नाहीत. मी एवढंच केलं, की तिच्याखाली जरा जास्त दबले.

ताई म्हणाली, "ऊठ. इकडे बस तू."

"आता कशाला?"

"बस म्हणते ना."

पट्टा सोडायची परवानगी होती. दोघी वाटेत उभ्या राहून, एकमेकींच्या पायावर पाय देत, जागा बदलत होत्या. हवाई सेविका ओरडणार होती, "वजन…" पण एका खुर्चीने विमान कलंडत नाही, हे तिलाही माहीत असावं. ती पेले गोळा करत राहिली.

आणि चार वर्षांनी ती बाई माझ्यावर बसली. हलकी होती. तिने पट्टा बांधला. बटण मात्र तिनेही दाबून पाहिलं.

"हे चालत नाही," ती म्हणाली.

"मी मघाशी तीनदा दाबलं," ताई म्हणाली, आणि दोघी हसल्या. हसता हसता ताईने तोंडावर पदर धरला आणि तो मग बराच वेळ काढलाच नाही. मधल्या हातावर धाकटीचा हात होता. त्यावर ताईचा आला. या वेळी कोणी काढून घेतला नाही. मधला हात माझाही नव्हता आणि अठरा एचाही, असं मी म्हटलं ना. त्या वेळी तो आमच्या दोघींचा आहे असं वाटलं.

विमान खाली यायला लागलं तेव्हा धाकटी म्हणाली, "टॅक्सी एकच करू."

"हो. पण दारात तू पुढे हो."

"का?"

"दोघी एकदम दिसलो तर आई घाबरेल. म्हणेल, मी मेले की काय."

सतराव्या रांगेतले आजोबा पुन्हा हसले. या वेळी ताईने त्यांना काही केलं नाही.

"आणि आई कोणाकडे येणार?" धाकटीने विचारलं.

ताई म्हणाली, "तिला विचारू."

चाकं टेकली. सगळे एकदम उठले, पन्नास मिनिटांत जणू तुरुंगातून सुटले. शेवटची रांग शेवटी उतरते. त्या दोघी बॅग काढता काढता भांडल्यासुद्धा, कोणती कोणी धरायची म्हणून. मग धाकटी गेली. ताई जाता जाता थांबली आणि तिने माझ्या डोक्यावर थाप मारली. हवाई सेविका मारते तशीच.

पुढचं मला माहीत नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी प्रत्येक माणसाचं बोलणं कान देऊन ऐकलं. काउंटर, मनगट, पोस्ट, चष्मा, असा एखादा शब्द तरी येईल म्हणून. आला नाही. आला असता तरी पन्नास मिनिटांत किती कळलं असतं? हवाई सेविकाही गुडघ्यांमुळे निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी तिने मोजणी केली, "बहात्तर" म्हणाली आणि तिचा हात माझ्यावर जरा जास्त वेळ राहिला. नवी मुलगी बोटाने हवेत मोजायची. तिचा हात माझ्यापर्यंत यायचा नाही.

मग सामानासाठी जागा हवी म्हणून अठरावी रांग काढायचं ठरलं. दोन माणसं नट-बोल्ट सोडवायचे पाने घेऊन आली. अर्ध्या तासात मी खाली होते. कार्यशाळेत त्यांनी आमचा सांगाडा कापला. अठरा एचं कापड, पट्टा आणि तो मधला हात दुसऱ्या विमानात कामाला गेले. मला कुठेच जागा निघाली नाही. इथला म्हातारा मिस्त्री जेवायला माझ्यावर बसतो. तो फार बोलत नाही. पहिल्या दिवशी त्याने बटण दाबलं, आणि काय आश्चर्य, इथे मागे भिंत नाही, तरी मी कलले नाही. कशालाच जोडलेलं नाही ना ते. तो म्हणाला, "राहू दे," आणि डबा उघडला.

माझी तक्रार नाही. तुम्हाला एवढंच सांगायचं आहे, की तिकीट काढलंत तर विमान नेमकं कोणाचं ते आधी विचारून घ्या आणि रांगेत तुमच्या मागे उभ्या असलेल्या माणसालाही सांगा. आणि उरलेली खुर्ची वाट्याला आली, तर बसताना सुस्कारा टाकू नका. तो आम्हाला कळतो.

आणि एक काम आहे, जमलं तर. पोस्टाच्या एखाद्या काउंटरवर साठीकडे झुकलेली बाई दिसली आणि चुकीच्या खिडकीवर आलेल्या माणसाला न ओरडता, स्वतः उठून योग्य खिडकी दाखवत असली, तर तीच ती. तिला विचारा, आई शेवटी कोणाकडे गेली?

विचारायला कोणी पाठवलं म्हणून तिने विचारलं, तर सांगा, अठरा सीने.